साळवींचे पडदे

कुणाच्याही घरी गेलं की डॅनियल साळवी आधी खिडकीकडे बघत, मग यजमानाकडे. खुर्ची काचेजवळ असली तर उचलून भिंतीशी नेत. "स्फोट बाहेर होतो, माणसं आत मरतात. मध्ये काच असते," असं ते चहाचा कप घेता घेता सांगत. चहाची चव अर्थातच जाई.

लक्ष्मीबाई नगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत, सरकारी इंजिनिअर. दिल्लीच्या बाजारांत बॉम्ब फुटू लागले तेव्हा त्यांनी एक स्वस्त पडदा तयार केला. जाड नायलॉनची जाळी, खाली भरपूर घोळ, काठात लोखंडी साखळी. फुटलेली काच जाळीत अडकून खाली पडावी, एवढीच अपेक्षा. शिवण त्यांच्या बायकोची, मार्थाकाकूंची. ऑफिसातले साहेब म्हणाले, "साळवी जी, मच्छरदानी से बम रोकेंगे?"

"नहीं सर, काँच."

फाइल तिथेच थांबली. साळवींनी पडदे कॉलनीच्या हॉलला लावून टाकले.

दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर यांनी ते सगळे वर बांधले. प्रमुख पाहुण्यांना बाहेरची रोषणाई दिसायला हवी होती. पाहुणे आले नव्हते. त्यांचं स्वागत मात्र सुरू झालं होतं. साळवी उठले आणि दारापासून एकेक पडदा सोडत निघाले.

"साळवी, यार, मंगल प्रसंग आहे!" जोगळेकर माइकवरूनच म्हणाले.

"बाहेर बाजार भरलाय. तुम्ही बोला, मी ऐकतोय."

लोक हसले. शेवटची खिडकी व्यासपीठाला लागून. तिच्याखाली काकू पेटी घेऊन बसलेल्या. या पडद्यावर झेंडूच्या माळा करकचून बांधल्या होत्या. साळवी गाठीशी झटत होते आणि मागून "अहो, बसा ना!" चाललं होतं.

तेवढ्यात आवाज झाला. "फटाका अस..." एवढंच कुणीतरी म्हणालं. सगळ्या जाळ्या पोट फुगवून आत आल्या, काचा खाली ओतून पुन्हा सरळ झाल्या. शेवटची जाळी अर्धीच सुटली होती. तिथली काच साळवींच्या हातांत घुसली. काकूंना ओरखडाही आला नाही.

इस्पितळात जोगळेकर हार घेऊन आले. "हॉलमधले सगळे वाचले, साळवी!"

"बाजारातले नाही वाचले. हार परत न्या."

ते गेल्यावर काकू चमच्याने चहा पाजू लागल्या. मी कोपऱ्यात उभा होतो.

"मी त्या खिडकीशी बसलेय, हे दिसत होतं ना तुम्हाला?" काकूंनी चमचा कपात ठेवला. "मग दारापासून का सुरुवात केलीत?"



"तुझ्यापासून केली असती, मार्था, तर तिथेच थांबलो असतो."