पहाटेचं पाणी

"डोळा बघू नका, कल्ला बघा," असं म्हणत मावशी अंगठ्याने माशाच्या कल्ल्यावरचं झाकण उचलायच्या आणि आतला लालभडक कल्ला गिऱ्हाइकासमोर धरायच्या. "डोळ्याला पाणी मारता येतंय. कल्ल्याला न्हाई येत." गिऱ्हाईक पलीकडून, तेलंगणातून आलेलं असलं की हेच सगळं तेलुगूत. माशांचं 'चेपलु' व्हायचं, अंगठा मात्र तोच.

देगलूरपासून तासाभरावरच्या एका छोट्या तळ्याच्या बांधावर त्या बसायच्या. तळं गावातल्या मच्छीमार सोसायटीकडे होतं आणि त्यांची दोन्ही मुलं सोसायटीत होती. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. दर महिन्याला त्या तळ्याचं पाणी तपासायला जायचो. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. "सर, तुमचा कल्ला पांढरा पडलाय. काही खाता का न्हाई?" मी वरवर हसलो आणि गुपचूप रक्त तपासून घेतलं. त्यांचं बरोबर होतं.

तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील, ज्यांना दुसऱ्याच्या कामात भलताच रस असतो. मी बाटल्या काढल्या की मावशी टोपलीवर ओलं फडकं टाकून शेजारी येऊन बसायच्या. पाण्यात विरघळलेली हवा, म्हणजे प्राणवायू, मोजायला बाटलीत दोन औषधं सोडतात. हवा भरपूर असली की तपकिरी साका तळाशी बसतो. मावशींनी त्याचं नाव चहा ठेवलं होतं. "आज कडक झालाय," असं म्हणून त्या प्रश्नांना सुरुवात करायच्या. पाण्यात हवा शिरते कुठून? जाते कुठं? एखाद्या माशाला कमी पडली तर शेजारचा देतो का? आमच्या बी.एस्सी.च्या पोरांनी तीन वर्षांत विचारले नसतील इतके प्रश्न त्या एका बैठकीत विचारायच्या.

माझा चहा नेहमीच कडक व्हायचा. त्या भरवशावर मी लिहून दिलं की पाणी मासे वाढवायला चांगलं आहे. सोसायटीने बोटुकली सोडली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती चांगली वीतभर झाली. मग भाद्रपदात आठवडाभर आभाळ भरून राहिलं आणि एका सकाळी सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरून गेलं.

गावाने लगेच गुन्हेगार शोधला. एक शेतकरी तळ्यावर फवारणीचा पंप धुवायचा, त्याच्या अंगावर लोक धावून गेले. मी पोचलो तेव्हा मावशी मेलेले मासे एकेक करून उचलत होत्या. सगळ्यांची तोंडं उघडी, कल्ले ताणलेले.

"औषध न्हाई हे," त्या म्हणाल्या. "गुदमरल्यात." मग माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी अकरालाच का येता?"

"बस तेव्हाच पोचते, मावशी."

"मग मासे बसच्या टायमावर का मरंनात?"

हिरवं शेवाळ दिवसा उन्हात हवा सोडतं आणि रात्रभर तीच हवा खातं, म्हणून पहाटे ती सगळ्यात कमी असते, हा धडा मी दरवर्षी फळ्यावर शिकवत होतो. तळ्यावर मात्र माझं घड्याळ एसटीच्या ताब्यात होतं. मावशींनी मला एकदाही बोल लावला नाही. त्यामुळे जास्तच लाज वाटली, आजही वाटते.

पुढच्या वर्षीची बोटुकली सोडायच्या आधी मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो. जेवताना थोरला मुलगा म्हणाला, "औंदा बी मेले तर मी हैदराबादला सेंट्रिंगच्या कामाला चाललो." मावशींनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. दोन्ही पोरं तळ्यावर राहावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

फटफटायच्या आधी आम्ही बांधावर गेलो. गेल्या वर्षीचे उरलेसुरले मासे पाण्यावर तोंडं काढून पचपच करत होते. "हवा मागून राहिले," मावशी हळूच म्हणाल्या. मी बाटली भरली, औषधं सोडली, हलवली. मोबाइलच्या उजेडात दोघं वाट बघत बसलो. साका पांढराच राहिला.

"चहा झालाच न्हाई. नुसतं दूध हाय," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "लिवा, सर. आन् टाइम बी लिवा."

सोसायटीच्या बैठकीत त्यांनी ती बाटली सगळ्यांच्या हातातून फिरवली. गावाचं गटार तळ्यात येतं, त्यावर शेवाळ माजतं, तेव्हा आधी गटार वळवा आणि एक वर्ष बोटुकली सोडू नका, असं त्यांचं म्हणणं. थोरला चिडला.

"मग खायाचं काय, आई?"

"मी सुकट विकते. तू जा हैदराबादला. पन मरायला पिलं सोडायची न्हाईत."

तो खरोखरच गेला. पोरगं घरी राहावं म्हणून ज्यांनी मला पहाटे तळ्यावर नेलं, त्यांनीच त्याला पाठवलं. ते वर्ष मावशींनी देगलूरच्या बाजारात सुकट विकून काढलं. भेटलो की आवाज खाली आणून म्हणायच्या, "याला कल्लाच न्हाई, सर. गिऱ्हाइकाला दाखवू काय?" गटार वळलं का, हे मात्र दर वेळी विचारायच्या.

गटार वळलं. मावशी माघात गेल्या, दोन दिवसांच्या तापाने. मला आठवड्याने कळलं. पावसाळ्यात बोटुकली सोडली, थोरला परत आला.

गेल्या भाद्रपदात पुन्हा आठ दिवस आभाळ भरून राहिलं. मला राहवेना. मोटारसायकल काढली आणि उजाडायच्या आत बांधावर पोचलो. थोरला आधीच तिथे उभा होता. दोघं कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिलो. एकही तोंड वर आलं नाही. सगळे मासे खाली, आपापल्या जागी निवांत होते.

"काहीच दिसंना, आई," तो म्हणाला.

आपण आई म्हणालो, हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. मी ती चूक दुरुस्त केली नाही.