साहेबांनी धरून ठेवलेला टेप ड्राइव्ह

आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मी कॉलेजात आहे एवढ्यावर लिहायला बसणं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. माफी असावी. पण ज्यांना लिहिता येतं ते या विषयाला हात लावणार नाहीत, म्हणून लिहितो.

शेवटच्या वर्षात मला एका कंपनीत उमेदवारी मिळाली. कंपनी एका बँकेचा जुना, अवाढव्य संगणक सांभाळायची. संगणक दूर कुठल्याशा शहरात आणि मी परळीतल्या भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपवर येणारी वीजकेंद्राची राख पुसत. त्या एका यंत्राच्या पोटात अनेक सिस्टिम चालतात आणि प्रत्येकीला वाटतं, आख्खं यंत्र आपलंच आहे. जुन्या नोंदी साठवलेल्या टेप वाचणारा ड्राइव्ह मात्र एकच. काही बंद न करता तो चालू सिस्टिमला जोडता येतो, पण एका वेळी एकीलाच. तिने सोडला तरच दुसरीला मिळतो.

आमचे साहेब पाटोद्याचे. बँकेच्या तपासनिसांना एक जुनी टेप वाचून द्यायची होती. साहेब म्हणाले, "एवढं काम कर, तुला कायम करून घेतो." मी हे वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी गावी सगळ्या धर्मापुरीला.

मी ड्राइव्ह जोडायचा हुकूम दिला. मिळेना.

"केबल ढिली असंल," साहेब कॉलवर म्हणाले. यंत्राजवळच्या माणसांनी केबल बदलली. "मंग कार्ड गेलं असंल." कार्डही बदललं. मग बैठक झाली. सगळे "हो सर" म्हणाले आणि ड्राइव्ह बनवणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहायचं ठरलं. ड्राइव्ह सध्या कुणाकडे आहे हे यंत्रालाच विचारावं, असं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल, तर ती पगारदार, शहाणी माणसं होती.

मी विचारलं. उत्तर आलं: साहेबांच्या स्वतःच्या चाचणीच्या सिस्टिमकडे.

"साहेब," मी चाचरत म्हणालो, "ड्राइव्ह तुमच्याकडंच हाय."

"मंग? तुझ्यासाठीच धरून ठेवलाय. दुसरं कुणी पळवू नये म्हणून."

"पण मलाबी भेटंना, साहेब."

"मंग मागायचास की रं!"

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच हे. फक्त ज्याच्यासाठी धरली, तोच सगळा रस्ता उभा.

साहेबांनी ड्राइव्ह सोडला. मी जोडला. तरी माझ्या सिस्टिमला दिसेना, कारण बाहेरून जोडला तरी आतून तो वेगळा चालू करावा लागतो. केला. टेप फिरली, नोंदी उतरल्या. अहवालात आलं की साहेबांच्या मार्गदर्शनाखाली अवघड बिघाड दूर झाला. त्यांचा सत्कारही झाला, ऑनलाइन. शाल त्यांनी स्वतःच पांघरली. आम्ही आपापल्या खोलीत टाळ्या वाजवल्या.

मग एका सकाळी माझं लॉगिन चालेना. काही दिवस मी प्रामाणिकपणे पासवर्ड आठवत बसलो. वडील रोज फोनवर विचारायचे, "झालास का कायम?" शेवटी भीत भीत साहेबांना फोन लावला.

"आरं, तुला मेल न्हाई भेटला?" साहेबांना खरंच वाईट वाटलं असावं. "तुला घेतलं न्हाई. वरिष्ठांशी बोलायची रीत न्हाई, असा शेरा हाय. मलाच लिवावा लागला."

"मेल कुठं पाठवला, साहेब?"

"तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर. लॉगिन बंद केल्यावर लगेच."