धोंड्याच्या महिन्याआधीचा डोंगर

रत्नागिरीच्या स्टँडवर देवरुखची एसटी लागली तेव्हा आमच्या ह्यांच्या हातात छत्री होती. पौष महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही. "डोंगरात काय सांगता येतं?" हे म्हणाले. पाठीवरच्या पिशवीत थर्मास, डासांचं मलम, बसायला प्लॅस्टिकचा कागद आणि घरची उशी. पायात ताज्या पॉलिशच्या चामड्याच्या चपला. बूट घ्या म्हणून मी आठवडाभर मागं लागले होते. बुटात पाय कोंडतात, असं उत्तर मिळालं.

आमचे हे भजनाच्या पेट्या दुरुस्त करतात. दिवसभर खोलीत बसून भाते आणि सूर. घर मांडवीला, समुद्र चार पावलांवर, पण वाळूत उतरत नाहीत. कठड्याला टेकून समुद्र बघतात आणि चपला झटकून घरी येतात. अशा माणसाबरोबर डोंगरात राहायला जायचं मी ठरवलं होतं, त्याला कारण होतं.

माझं माहेर लांब, अकोले तालुक्यातल्या डोंगरावरची वाडी. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा डोंगराखाली. मोठी झाल्यावर मावशीच्या ओळखीनं रत्नागिरीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आले. तिथली प्रार्थनेची पेटी बिघडली, ती न्यायला हे आले, आणि पेटी परत आणून दिल्यावरही येत राहिले. शिक्षण किती, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि आजही नाही. मी ते विसरत नाही.

आता येत्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना येतोय (अधिक महिना, ह्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात). आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. लग्न रत्नागिरीत झालं, त्यामुळं वाडीनं जावई अजून पाहिलेला नाही. आईनं दिवाळीपासूनच सगळ्यांना सांगून ठेवलंय. पण गाडीरस्ता खालच्या गावात संपतो, पुढं चांगली दोन तासांची चढण. जावई अर्ध्या वाटेवरून माघारी गेला, तर आई वाडीत मान वर करून कशी फिरणार? आणि यांनी आधीच नको म्हटलं, तर आईला ते मी कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून मी तालीम घ्यायची ठरवली. यांना एवढंच म्हटलं, "दोन दिवस जरा फिरून येऊ."

महामार्गाचं काम चालूच असल्यामुळं हातखंब्यापर्यंत खिडकी उघडता आली नाही. कंडक्टरनं यांना दोनदा सांगितलं, "काका, छत्री उभी धरा. पुढच्याच्या कंबरेत घुसतेय." देवरुखला वडापाव खाऊन आम्ही दुसरी गाडी धरली. ती वळणं घेत आत शिरली आणि सह्याद्री समोर उभा राहिला. मला माहेरची भिंत दिसल्यासारखं झालं.

"एवढ्या उंच जायचंय?" यांनी विचारलं.

"छे, ह्याच्या निम्मंसुद्धा नाही," मी घाईनं म्हटलं. ते खरं होतं. माहेरचा चढ मात्र समोरच्या डोंगराएवढाच होता, ते मी बोलले नाही.

उतरलो ती पायथ्याची वाडी. वसतिगृहातल्या एका मुलीच्या आजोळी राहायची सोय झाली होती. तिचे आजोबा, सगळे त्यांना तात्या म्हणत, अंगणात नारळाच्या झावळ्यांचे झाप विणत बसले होते. आजी, म्हणजे काकी, आतून ओरडल्या, "वाईच (थोडं) बसा, चाय ठेवतंय!"

तात्यांनी छत्रीकडं बघितलं, मग चपलांकडं. "आमची पोरा डोंगर सोडून मुंबयला गेली, नि तुमी डोंगर बगायला आलाव. बरा हाय. धंदा काय पावन्यांचा?"

"पेट्या दुरुस्त करतो. भजनाच्या."

तेवढं एक वाक्य माझ्या बेतावर पाणी फिरवायला पुरलं. देवळात वाडीची पेटी होती, गेल्या शिमग्यापासून मुकी. तात्या उठले आणि स्वतः ती डोक्यावर घेऊन आले. यांनी झाकण काढलं, आत डोकावून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा घरी असतो तसा झाला. "उंदरानं भाता खाल्लाय," ते आनंदानं म्हणाले.

"आपण पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) जाऊन येणार होतो ना?" मी विचारलं.

"पऱ्या कुठं जातोय? डोंगरही तिथंच आहे. पेटी आज आलीय."

संध्याकाळपर्यंत हे पडवीतून हलले नाहीत. लोक येऊन बसले, कुणी चिकटवायला गोंद आणला, कुणी नुसताच सल्ला. मी एकटी पऱ्यावर जाऊन आले. पाणी गार, तळाचे गोटे दिसत होते. तिथं बसून मी आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवली. एकही धड जुळलं नाही. परत आले तर पेटी वाजत होती आणि काकी चुलीवर कुळथाचं पिठलं ढवळत होत्या. तांदळाची भाकरी, पिठलं, वर सुकटीची चटणी. हे दोन भाकऱ्या जास्त जेवले. काकी मला म्हणाल्या, "घो (नवरा) गुणी हाय तुजा." ते मला ठाऊक होतं. काळजी पायांची होती.

सकाळी तात्यांनी यांच्यासाठी एक काठी तासून ठेवली होती. वर सड्यावर (माथ्यावरच्या जांभ्याच्या पठारावर) राखणदाराचं (डोंगर राखणाऱ्या देवाचं) ठिकाण आहे, तिथपर्यंत ते स्वतः नेणार होते. पण चढ सुरू होतो तिथं एका ऐनाच्या झाडाखाली ते थांबले, नारळ देवाच्या दगडापुढं ठेवला आणि डोक्यावरची टोपी नीट केली. इथं गाऱ्हाणं (देवापुढं मोठ्यानं मांडलेलं मागणं) घातल्याशिवाय परका माणूस वर जात नाही.

"कशाला जाताव वर, ता सांगा. मी देवाला तसा बोलतंय."

"सहज," मी म्हटलं. "फिरायला."

तात्यांनी मान हलवली. "सहज कोन चढत न्हाय गो. गुरां शोधायला चढतो, लाकडाला चढतो. देवासमोर धड सांग."

यांच्याकडं बघायचा धीर होईना. तेवढ्यात हेच बोलले.

"तात्या, असं म्हणा. ह्या माणसाची सासुरवाडी डोंगरावर आहे. धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी जेवायला बोलावलंय. त्याला चढायची सवय नाही, म्हणून बायको त्याला इथं सरावाला घेऊन आलीय. पण तसं सांगायला भितेय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुझ्या आईनं. तू कामावर असलीस की फोन करतात. 'जावईबापू, पायाला सवय लावताय ना?' मी म्हणतो, लावतो. मग म्हणतात, 'हिला नका सांगू मी विचारलं म्हणून.'"

तात्या हसले नाहीत. डोळे मिटून त्यांनी खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, ह्यो पावना आज तुज्या पायाशी आलाय. सासवेच्या दारात ह्यो आपल्या पायांनी चडून जावं दे. वाटंत काय अडचन आसंल ती दूर कर नि ह्यांची लाज राख रे म्हाराजा!" प्रत्येक मागण्याला आम्ही दोघांनी "होय महाराजा" म्हणायचं होतं. पहिल्या वेळी माझा आवाज फुटला नाही. पुढं फुटला.

चढ सोपा नव्हता. हे दर वळणावर बसत. प्लॅस्टिकचा कागद उपयोगी पडला, छत्रीसुद्धा, कारण सड्याच्या अलीकडं सावली संपते. एकदा छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्याच भात्याला उंदीर लागलाय." वाटेत गवत तोडून परतणाऱ्या बायका म्हणाल्या, "छत्री घेऊन लग्नाला चाललाव काय?" हे म्हणाले, "जेवायला." एका चपलेचा अंगठा तुटला, तो तात्यांनी वेलीनं बांधला. राखणदारापाशी पोचलो तेव्हा यांनी फक्त दगडाला हात लावला आणि हे आडवे झाले. खाली भाताची मोकळी खाचरं, कौलं, पऱ्याची रेघ. यांनी बऱ्याच वेळानं मान वळवून एकदा बघितलं. "ठीक आहे," म्हणाले.

उतरताना निम्मी वाट त्यांनी बसून घसरत काढली. पँटची दशा सांगत नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी मी आणि मधे काठी. ती आणू नका म्हटलं तरी आणली. छत्री मात्र काकींकडं राहिली. हे डोळे मिटून होते, मग अचानक फोन काढून आईला लावला. आई मोठ्यानं बोलते, मला सगळं ऐकू येत होतं. "दमला असाल तर जावईबापू, मीच अर्ध्या वाटेवर ताट घेऊन येते की."

"नको, ताट वरच वाढा," हे म्हणाले. "मला उशीर होईल, तेवढं धरून स्वयंपाकाला लागा."

सातवीत शाळा सुटल्यापासून मी मागण्याआधीच नकार मनात धरून चालत आलेय. मागितलं की लोक दूर जातात, असं वाटायचं. ह्या दोन दिवसांत मी फारसं काही मागितलं नव्हतं. जे मागायचं होतं ते माझ्याआधीच आईच्या नि यांच्या बोलण्यात ठरून गेलं होतं, आणि मी पऱ्यावर वाक्यं जुळवत बसले होते.

देवरुख जवळ आल्यावर यांनी विचारलं, "गाऱ्हाणं पुरं झालं की काय करायचं असतं गं?"

"परत जाऊन देवाला सांगायचं. नारळ द्यायचा."

"कुठं, ऐनाखाली?"

"घालायचं ऐनाखाली. फेडायचं वर, राखणदारापाशी. तात्यांनी निघताना बजावलंय."

हे पाय चोळायचे थांबले. "म्हणजे हाच डोंगर पुन्हा?"

"होय महाराजा," मी म्हटलं. पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले, इतक्या मोठ्यानं.