कढई बघून जेवणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याला कढई दाखवायला लावली नाही, असा आचारी बडोद्यात शोधूनही सापडणार नाही. लग्नाच्या मांडवामागचे महाराज, शेव-उसळीच्या लारीवरचे भाऊ, हॉटेलातले उंच टोपीवाले शेफ, सगळे त्यांना निदान चेहऱ्याने तरी ओळखतात. इतर लोक जेवायला गेले की आधी मेन्यू बघतात. मामा आधी कढई बघतात, मग झारा, मग तेलाचा डबा आणि शेवटी तो डबा पूर्वी कशाचा होता हे सांगणारा पुसट झालेला छाप. हे सगळं ते अतिशय नम्रपणे करतात. आवाज चढत नाही, कपाळावर आठी नसते. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते शेगडीजवळ उभे राहतात आणि विचारतात, यात सकाळी काय तळलं होतं? कुठल्याही आचाऱ्याला आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारलेला नसतो, त्यामुळे बहुतेक जण खरं सांगून टाकतात.

मामांना गहू, दूध, शेंगदाणे, तीळ, काजू-बदाम आणि अंडं यांची ॲलर्जी आहे. हा नखरा नाही. तिळाच्या एका दाण्याने त्यांचे ओठ सुजतात, शेंगदाण्याने श्वास अडकतो. कमरेच्या पाउचमध्ये इंजेक्शन असतं आणि ते कसं टोचायचं हे माझ्या मुलीसकट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. गुजरातेत आयुष्य काढणाऱ्या माणसासाठी यापेक्षा गैरसोयीची निवड करणं अवघड आहे. ढोकळ्यावर तीळ, उंधियूत शेंगदाण्याचं कूट, रोटलीवर तूप, आणि बाकीचं सगळं ज्यात शिजतं ते सिंगतेल, म्हणजे पुन्हा शेंगदाणाच. अंडं तेवढं इथल्या बहुतेक स्वयंपाकघरांत सापडत नाही. मामा ते नेहमी सगळ्यात शेवटी सांगतात. ते ऐकून महाराजांना धक्का बसतो आणि त्या धक्क्यात आधीचे पाच पदार्थ विसरले जाऊ नयेत म्हणून मामा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

मामा सुभानपुऱ्यात राहतात. नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त होताना त्यांनी हेल्मेट परत केलं, नजर परत केली नाही. कारखान्यात वायू गळला तर वारा कुठे वाहतोय हे आधी बघायचं असतं, आणि मामा मंगल कार्यालयातही तेच बघतात. शेंगा भाजणारा फाटकाच्या कुठल्या बाजूला उभा आहे आणि झुळूक कुठून येते, हे कळल्याशिवाय ते बसत नाहीत. एका मुंजीत वारा फिरला म्हणून त्यांनी आपल्याबरोबर अख्खी रांग पूर्वेकडून उत्तरेकडे वळवली होती. बटू पहिला घास हातात घेऊन बसला होता, तोही वळला. संक्रांतीला ते गच्चीवर पतंग उडवतात, पण तिळगूळ घेऊन कुणी आलं की लांबूनच सांगतात, 'गोड बोलायचं मी मान्य करतो, त्यासाठी पुरावा नको.'

अशा माणसाने घरी बसून वरणभात खावा, असं कुणालाही वाटेल. पण मामांना थीम पार्कांचं वेड आहे. त्यांच्या मते भीती नियमानुसार पुरवली जाते अशी ही जगातली एकमेव जागा. बडोद्याच्या आसपास, हायवेवर, जिथे म्हणून घसरगुंडी, पाळणा किंवा उलटं टांगणारं यंत्र आहे तिथे मामा जाऊन आले आहेत. प्रत्येक राइडवर बसण्याआधी ते पट्टा ओढून बघतात, चालवणाऱ्याला शेवटची तपासणी कधी झाली ते विचारतात आणि सूचनांचा फलक पूर्ण वाचतात. मागची रांग ओरडत असते. मामा शेवटच्या ओळीपर्यंत पोचतात, फलकावरच्या चित्राप्रमाणे हात छातीवर घेतात आणि स्वतःला सोडून देतात. मग खाली पाण्यात पडेपर्यंत ते आनंदाने जे किंचाळतात, ते ऐकून हाच तो फलक वाचणारा माणूस यावर विश्वास बसत नाही.

प्रश्न दुपारी जेवणाचा येतो. बाहेरचं खाणं फाटकावर अडवतात. मामांनी मनात आणलं तर त्यांना सूट मिळेल, पण ती मागायला ते तयार नाहीत. 'डबा आजारी माणसाने खावा,' ते म्हणतात. 'मी आजारी नाही.' फक्त एकदा, आम्ही फार आग्रह केला म्हणून, ते पार्किंगमध्ये गाडीत एकटे बसून डबा खाऊन आले. त्या दिवशी दुपारनंतर ते एकाही राइडवर बसले नाहीत. माझी मुलगी हात ओढत होती आणि ते झाडाखाली बसून लोकांच्या चपला बघत होते. त्यानंतर त्यांनी स्पष्ट केलं की ते सगळ्यांबरोबर एका टेबलावर गरम जेवतील, नाहीतर येणार नाहीत.

म्हणून फूड कोर्टात मामांचं भाषण होतं. सुरुवात मराठीत, पुढे गुजराती, आणि प्रोटीन आलं की इंग्रजी. शेंगदाणा काढून टाकला तरी त्याचा अंश झाऱ्यावर कसा राहतो, हे ते चमचा हातात धरून दाखवतात. ऐकणारा मान डोलवतो, आणि मग उत्तरं येतात. 'सिंगदाणा नथी काका, खाली भूको छे,' म्हणजे दाणे अजिबात नाहीत, नुसतं कूट आहे. 'घउं नथी, मेंदो छे,' म्हणजे गहू नाही, मैदा आहे. एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की दुधाला आम्ही शिवतही नाही, सगळं बटरमध्ये करतो. मामा रागावत नाहीत. मुद्दा समजलाय, तपशील राहिलाय, असं म्हणून ते पुन्हा सुरू होतात. आणि गंमत म्हणजे, वर्षानुवर्षं, शेवटी त्यांच्यापुढे बरोबर ताट यायचं: नव्या तेलातली बटाट्याची भाजी, साधी डाळ, वाफाळता भात. मामा आमच्याकडे विजयाने बघायचे. लोकांना शास्त्र नीट समजावलं की लोक ऐकतात, असं म्हणायचे.

ते ताट शास्त्रामुळे येत नव्हतं. ते मामींमुळे येत होतं, आणि मामा सोडून घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. मामांचं भाषण संपलं की मामी हात धुवायला उठायच्या आणि वाटेत स्वयंपाकघराच्या दारात थांबून महाराजांना हळूच सांगायच्या, 'एमने बाधा छे.' गुजरातेत बाधा म्हणजे नवसापायी सोडलेला पदार्थ. मनातली इच्छा पूर्ण होईपर्यंत माणूस तो तोंडात घालत नाही. ॲलर्जी म्हटलं की इथला आचारी ती थोडीशीच असेल असं धरून चालतो. बाधा थोडीशी नसते. दुसऱ्याची बाधा आपल्या हातून मोडली तर काय होतं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तो कढई घासून घेतो, तेलाची नवी पिशवी फोडतो आणि शेंगदाण्याला हात लावलेल्या माणसाला शेगडीपासून लांब करतो. मामींची स्वतःची या सगळ्यावर श्रद्धा होती, अशातला भाग नाही. 'ह्यांचं भाषण खरंच आहे गं,' त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, 'पण ते ऐकून कढई कुणी घासत नाही.'

मामांना हे सांगायची सोय नव्हती. नवस, उपास आणि बाधा यांविषयीचं त्यांचं मत प्रसिद्ध होतं. कारखान्यात कुणी बॉयलरला लिंबू-मिरची बांधली की ते आधी ती काढायला लावत आणि मग बॉयलर तपासत. शिवाय ते खोटं बोलत नाहीत. अहवालात खोटं लिहिलं की कुणीतरी भाजतं, हा त्यांच्या धंद्याचा नियम त्यांनी घरीही पाळला. वाढदिवसाला दिलेला शर्ट आवडला नाही तर ते शर्ट हातात घेऊन, धन्यवाद म्हणून, आवडला नाही असं सांगतात.

यंदा मामींचे गुडघे इतके दुखू लागले की पार्कात चालणं शक्य राहिलं नाही. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, मामी बघू म्हणतात. मुलीची परीक्षा संपल्यावर ती, मी, बायको आणि मामा असे चौघेच नेहमीच्या वॉटर पार्कला निघालो. मामींनी बायकोला बाजूला घेऊन महाराजांना सांगायची आठवण करून दिली. बायको म्हणाली, मी बघते, काळजी करू नका.

पण दुपारी ती मुलीचे ओले कपडे बदलायला गेली आणि मामा थांबले नाहीत. मी पोचलो तेव्हा काउंटरवरच्या नव्या माणसापुढे त्यांचं भाषण दुसऱ्यांदा संपत आलं होतं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने मनापासून सल्ला दिला, 'काका, थोडुं थोडुं खाव, तो टेवाई जशो.' थोडं थोडं खात जा, सवय होईल. मामांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. मागे रांग वाढली. आवाज चढला नाही, पण कान लाल झाले. शेवटी त्यांनी हातातला चमचा काउंटरवर ठेवला. तेवढ्यात बायको आणि मुलगी आल्या.

'तुम्ही जेवून घ्या,' मामा म्हणाले. 'मी गाडीत बसतो.'

'मग मीपण नाही जेवणार,' माझी मुलगी म्हणाली.

आवाज ऐकून आतून जुने महाराज बाहेर आले. मामांना बघून त्यांचा चेहरा उजळला. 'अरे, आ तो बाधावाळा काका,' असं ते नव्या माणसाला म्हणाले आणि मामांकडे वळले. 'काकी न आव्यां? घूंटण हजु सारा नथी थया ने? एटले बाधा पण चालु हशे.' काकींचे गुडघे अजून बरे नाहीत, तेव्हा बाधाही चालूच असणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ताट कशाने येत होतं, हे त्यांना त्या वाक्यात कळलं असावं. माझ्या बायकोने माझं मनगट धरलं. मामा आता काय बोलणार हे आम्हाला माहीत होतं: बाधा वगैरे काही नाही, ही शरीराची प्रतिक्रिया आहे, समजावून सांगतो. तसं ते बोलले की कढई घासली जाणार नव्हती, आणि ते गाडीकडे चालू लागणार होते. मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मामी तिथेच उभ्या राहत असणार.

'हा,' ते म्हणाले. 'चालु छे.'

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं विधान.

महाराजांनी नव्या माणसाला कढई घासायला लावली आणि स्वतः बटाटे चिरायला बसले. मामा बघायला आत गेले नाहीत. ताट महाराजांनी स्वतः आणून ठेवलं, आणि काकींना सांगा, दुखणं जाईल, असं म्हणाले. मामांनी मुलीच्या शेजारी बसून सगळं गरम खाल्लं आणि भात पुन्हा मागून घेतला. दुपारी दोघं सगळ्यात उंच घसरगुंडीवर गेली. फलक मामांनी वाचला, पण किंचाळी जरा कमी वाटली.

परतताना गाडीत मामा खिडकीशी बसले. मुलगी झोपली होती.

'हे कधीपासून चाललंय?' मामांनी विचारलं.

'मला समजायला लागलं तेव्हापासून, मामा,' बायको म्हणाली.

'आणि सगळीकडे गुडघेच सांगते?'

'नाही. आधी तुमच्या प्रमोशनसाठी सांगायची.'

मामा बाहेर बघत होते. 'झालं होतं ते,' ते म्हणाले.

सुभानपुऱ्यात घरी पोचलो तेव्हा मामी दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या बायकोकडे बघितलं, मग मामांना विचारलं, 'अहो, जेवलात ना नीट?'

'जेवलो. सगळं समजावून सांगितलं. समजूतदार माणसं आहेत.'

'तुम्ही सांगताच तसं,' मामी म्हणाल्या.

मे महिन्यात त्यांच्याकडे केसर आंब्याची पेटी आली. आंब्याला कढई लागत नाही, झारा लागत नाही, मध्ये कुणाचा हात लागत नाही. मामा त्याला सीलबंद माल म्हणतात, आणि दर उन्हाळ्यात बाठ पांढरी होईपर्यंत चोखतात. यंदा त्यांनी जाहीर केलं की आंबाही आता सोसत नाही, घशात खवखवतं, बहुतेक ॲलर्जीच. मामी म्हणाल्या, डॉक्टरांना फोन करते. मामांनी त्यांच्या हातातून फोन घेतला, स्वतःच लावला, बोलणं मामींच्या ऑपरेशनवर नेलं आणि तारीख ठरवूनच ठेवला. आंब्याचं विचारायचं राहिलं. अशी ॲलर्जी या वयात अचानक होते का, ते मला माहीत नाही. एकदा महाराजांपुढे बोललेलं विधान खोटं राहू द्यायची मामांना सवय नाही, एवढं माहीत आहे.

परवा गेलो तेव्हा मामी पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या आणि मामा त्यांच्यासाठी आंबा चिरत होते. सगळ्या फोडी एका मापाच्या झाल्यावर त्यांनी बशी मामींच्या हातात दिली, सुरी धुतली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि समोर येऊन बसले. मामींनी पहिली फोड तोंडात घातली.

'गोड आहे?' मामांनी विचारलं.

'फारसा नाही,' मामी म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी फोड उचलली.