‘वाचलं!’ म्हणणाऱ्यांची स्टाफरूम

न वाचलेली पुस्तकं आणि त्यांचे किस्से, आमच्या स्टाफरूममध्ये दोन्ही सारख्याच वेगाने साठतात. कोल्हापुरातली आमची शाळा साधी, पण पुस्तकं विकत घ्यायचा नाद सगळ्यांना. शेवटी नियम केला: घरातलं एक संपवल्याशिवाय नवं आणायचं नाही. संपलं की ‘वाचलं’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा.

मी गणित शिकवतो. पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तराला मार्क देत नाही. मी कसला विश्वास ठेवतोय!

*

पहिला संशय हेडसरांवर. त्यांच्या टेबलावर जाडजूड कादंबरी आणि तिच्यातली खुणेची पट्टी रोज दहा पानं पुढे! एवढ्या मीटिंगा करून माणूस वाचतो कधी? मी पाळत ठेवली. प्रार्थनेआधी हेडसर आले, पुस्तक उघडलं, पट्टी पुढे सरकवली, पुस्तक बंद!

मला दारात बघून जराही ओशाळले नाहीत.

"पुस्तकालाबी वाटाय पायजे की सर, काम चालू हाय म्हणून!"

*

भूगोलाच्या स्वामी मॅडमच्या सासूबाई कडक. म्हणून मॅडम नवी पुस्तकं डिनर सेटच्या रिकाम्या खोक्यात भरून माळ्यावर टाकायच्या. दिवाळीत पाहुणे आले आणि सासूबाईंनी नेमकं तेच खोकं खाली काढायला लावलं.

सासूबाईंनी झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. पाहुण्यांना म्हणाल्या, "सेट फुटलाय. स्टीलच्या ताटात जेवा."

पाहुणे गेल्यावर मॅडमना हळूच म्हणाल्या, "वरची दोन मी घेतलीत. पुढच्या बारीला अक्षर मोठं बघून आण!"

*

माझा ढीग पलंगाशेजारी. त्याच्यावर चष्मा, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर. एका रविवारी अगदी तळातलं पुस्तक ओढायला गेलो तर बायको ओरडली, "हात लावू नका त्याला! चार वर्षं झाली, आता ते फर्निचर हाय!"

मलाही पटलं. दुसऱ्यांची तपासणी करण्यातून स्वतःसाठी वेळ मिळतोय कुठे?

*

मग मी सापळा लावला. उसनं पुस्तक देताना शेवटच्या पानात चिठ्ठी ठेवायची: ‘इथवर पोचलात? कळवा. मिसळ माझ्याकडून.’

वर्षभरात सहा पुस्तकं फिरली. सहाही ‘वाचलं, झकास!’ म्हणून परत आली. मिसळ मागितली ती एकट्या बागवान सरांनी. चित्रकला शिकवतात, बोलणं अगदी मोजकं. चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाले, "एक प्लेट न्हाय, दोन लागतील. पुस्तक लई रटाळ हाय."

खाता खाता म्हणाले, "आयडिया चांगली काढलीसा. तोंडानं बोलाय जमत न्हाय ते असं लिहून देता येतंय."

*

यंदा पावसाळ्यात बागवान सरांनी मला एक छोटंसं पुस्तक दिलं. "बुधवारपतूर वाचाच सर." मी ते ढिगावर ठेवलं, त्याच्यावर चष्मा ठेवला आणि विसरलो.

बुधवारी त्यांनी विचारलं, "वाचलं?"

"वाचलं की!"

"शेवटचं पान?"

"शेवट तर कमाल! हसून हसून पुरेवाट झाली."

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग "बरं" म्हणून वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवसापासून तीन आठवडे रजेवर! मला लगेच संशय. हा माणूस पुण्याच्या पुस्तक प्रदर्शनात गेला असणार, नियम मोडून! परत आले ते वाळलेले. मी सगळ्यांसमोर टोमणा मारला, "किती पुस्तकं आणलीत?"

"गावाकडं गेलतो," एवढंच म्हणाले.

परवा बायकोने पलंग सरकवला आणि माझा ढीग कोसळला. ते छोटं पुस्तक पालथं पडलं होतं. उचललं तर शेवटच्या पानातून चिठ्ठी निसटली. बागवान सरांचं देखणं अक्षर.

‘सर, गुरुवारी मिरजेला माझं ऑपरेशन आहे. घरी आई एकटीच, तिला सांगितलेलं नाही. एकट्याने जायला भीती वाटते. सोबत याल का?’

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन चित्रकलेच्या वर्गात गेलो. ती त्यांच्यापुढे धरली. सरांनी हातातला ब्रश पाण्यात बुडवला, माझ्या हातातली चिठ्ठी पाहिली आणि उठले.

"पोचलासा व्हय इथवर? चला, मिसळ माझ्याकडून."