आपल्या माणसांचा खिसा

त्यांचं नाव मला माहीत नाही. इलिनॉयमध्ये आमच्या गावाजवळ भरलेल्या शेतकी जत्रेत, गाईंच्या स्पर्धेच्या कठड्यापाशी ते माझ्या शेजारी उभे होते. वय साठीचं, इस्त्रीचा शर्ट आणि भर उन्हात डाव्या हातावर घडी घातलेलं जॅकेट. मी फोनवर आईशी बोलत होते ते ऐकून हसले आणि म्हणाले, "पुण्याच्या का?" मला बरं वाटलं. कोणती गाय जिंकेल यावर आम्ही थोडं बोललोही. बोलताना ते सारखं जॅकेट नीट करत होते.

तेवढ्यात आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मागच्या खिशातलं पाकीट त्या जॅकेटखाली गेलेलं मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

"घाबरू नका ताई," ते हळूच म्हणाले, "आपल्या माणसांच्या खिशाला मी हात लावत नाही." आणि शांतपणे गर्दीत निघून गेले.

लाज याची वाटते, की ते ऐकून मला क्षणभर हायसंच वाटलं. मी ओरडले नाही. ते पकडले गेले, तर लोक माझ्याकडेही त्याच नजरेने बघतील, एवढंच मनात आलं.

बायकोसाठी आइस्क्रीम घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याने खिसे चाचपले. "माझं पाकीट मारलं. कुणाला पाहिलंत का हो?" त्याने मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग तुमची पर्स तरी सांभाळा," तो काळजीने म्हणाला.

मी मान हलवली आणि पर्स छातीशी घट्ट धरली.