मावशींनी घासलेली काचभांडी

द्रव-स्फटिक ही मोठी नखरेल जात. पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू रांग धरून राहतात. ती रांग आडवी की उभी, हे तो कशाला टेकलाय त्यावर ठरतं. काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा, वर पाणी सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. पाणी शुद्ध असेल तर थर रंगीत उजळतो. जंतूंच्या आवरणातला स्निग्ध अंश असला, की तो थरावर जाऊन बसतो, रेणू ताठ उभे राहतात आणि सगळं काळं होतं. उजनी धरणाचं पाणी पिणाऱ्या सोलापुरात अशी झटपट तपासणी व्हावी, एवढाच माझ्या पीएचडीचा हट्ट.

दसऱ्यानंतर मात्र सगळं बिनसलं. शुद्ध पाण्यालाही थर काळा पडू लागला. मी पाणी बदललं, रसायन बदललं, सूक्ष्मदर्शकाशी भांडूनही झालं. माझे गाइड तसे मवाळ, पण त्यांचाही धीर सुटला. "सोमवारपर्यंत जमलं नाही, तर विषय बदलू," ते म्हणाले. माझं तोंड उतरलं.

शनिवारी प्रयोगशाळेच्या मावशींनी पाण्याची काचभांडी माझ्यासमोर मांडली. "कशी चकाकत्यात बघा की! खंडेनवमीला पूजेसाठी साबणानं घासली, लई झ्याक निघाली. तवापास्नं रोज तशीच घासती."

आमच्याकडे खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सूक्ष्मदर्शकालाही हळदकुंकू लागतं. त्याच उत्साहात, फक्त शुद्ध पाण्यानं विसळायची भांडी साबणाच्या हाती लागली होती. आणि साबणही त्याच थरावर जाऊन बसतो, रेणूंना तसाच ताठ उभा करतो! मी कपाळाला हात लावला आणि मग खदखदून हसले.

नवी भांडी शुद्ध पाण्यानं विसळून घेतली. त्यातल्या पाण्यानं थर उजळला. मावशींच्या भांड्यातलं पाणी घातलं, तसा काळा पडला.

सोमवारी सरांसमोर दोन्ही करून दाखवलं. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. "डोळ्यांना न दिसणारा साबण पकडतोय हा," ते म्हणाले, "म्हणजे जंतूंचा अंशही पकडेल. विषय बदलायचा नाही." मग त्यांनी मावशींना हाक मारली.

मावशी घाबरतच आत आल्या. "चुकलं का वो सर माझं काय?"

"चुकलं व्हय! बरं झालं चुकलं," सर म्हणाले. "या, बसा हितं. बघा तुमचा साबण."

मावशींनी डोळा लावला, काळ्या थराकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मला त्या दिवशी त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मी मारलीही.

परवा प्रबंधाचं आभाराचं पान सरांना दाखवलं. त्यांनी सगळ्यात वरचं आपलं नाव खोडलं आणि ते मावशींच्या नावाखाली लिहिलं.